मुद्दा तिसऱ्या पानावर

पत्र (संक्षिप्त):

«माझं वय ६३. पाच वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. कर्वेनगरला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, तिचा मी सचिव. गेल्या महिन्यात गुरुवारी पाणी येणार नाही, अशी सूचना मी फलकावर लावली, ग्रुपवरही टाकली. कुणी वाचली नाही. संध्याकाळी टाक्या कोरड्या पडल्या आणि सगळे माझ्यावरच चिडले. एक सभासद म्हणाले, "तुमचं चऱ्हाट वाचायला वेळ कुणाला आहे?" बायको म्हणते, दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात. मुलगी हैदराबादला असते, दर रविवारी मी फोन करतो. मुलगी आता फोन स्पीकरवर ठेवून भांडी लावते. मला आवाज येतो. थोडक्यात बोलायचा प्रयत्न केला, तर ते मला उर्मटपणाचं वाटतं. हे वयामुळे होतं का? काय करू?
— एक वाचक, कर्वेनगर»

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. वर छापलंय तो त्यातला थोडाच भाग. मूळ पत्र साडेचार पानांचं आहे. पहिल्या पानावर माझ्या प्रकृतीची चौकशी, हे सदर तुम्ही कधीपासून वाचता आणि पत्र लिहायला उशीर का झाला, हे आहे. दुसऱ्या पानावर पाण्याची टाकी, तिची साफसफाई, आधीच्या सचिवांच्या काळातली पद्धत. तिसऱ्या पानाच्या तळाशी, लिफ्टच्या देखभालीचा करार आणि रंगकामाची वर्गणी यांच्या मधोमध, ही दोन वाक्यं आहेत: "मुलगी आता फोन स्पीकरवर ठेवून भांडी लावते. मला आवाज येतो." त्यापुढे लगेच पुन्हा लिफ्ट.

त्या दोन वाक्यांत एकही शब्द जास्त नाही. मीही त्यातलं काही काढू शकले नसते. तेव्हा तुम्हाला थोडक्यात लिहिता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. जिथं दुखलं तिथं तुम्ही अगदी थोडक्यात लिहिलंत. मग त्याच्या अवतीभवती साडेचार पानं का लागली, एवढाच प्रश्न उरतो.

आधी पाण्याच्या सूचनेबद्दल बोलते, कारण ते सोपं आहे. तुम्ही तिची प्रत जोडली आहे, ती अशी सुरू होते: "सोसायटीतील सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना या सूचनेद्वारे नम्रपणे कळविण्यात येते की, महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडून जलकेंद्राच्या ठिकाणी देखभाल व दुरुस्तीची कामे करण्यात येणार असल्याकारणाने, येत्या गुरुवारी आपल्या परिसरामध्ये पाणीपुरवठा पूर्णपणे बंद ठेवण्यात येणार आहे…" मी मोजलं. "गुरुवारी" हा पंचविसावा शब्द आहे आणि "बंद" हा तिसावा. लिफ्टची वाट बघत उभा असलेला माणूस फलकावरची पहिली ओळ वाचतो. त्या ओळीत त्याला सन्मान मिळाला, पाण्याची बातमी मिळाली नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुतेक वेळा गुरुवारच निवडतात. नुसतं "गुरुवारी पाणी" एवढे दोन शब्द दिसले असते तरी निम्म्या घरांतून बुधवारी रात्री बादल्या भरल्या गेल्या असत्या.

ती सूचना अशी लावता आली असती:

गुरुवारी दिवसभर पाणी येणार नाही. बुधवारी रात्री भरून ठेवा. शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येईल.

हे पंधरा शब्द आहेत. खाली तुमचं नाव. दुरुस्ती कुठं चालली आहे आणि कोणत्या विभागाची, हे ज्याला हवं असेल त्याच्यासाठी आणखी खाली, बारीक अक्षरात लिहा. "सन्माननीय" काढल्यानं कुणाचा मान गेला नसता. तहान लागायच्या आधी कळणं हाच त्यांचा मान होता.

लग्नाआधी मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. खिळे जुळवण्याचे ते शेवटचे दिवस. जुळारी खणांतून एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचे. मी परिच्छेदाच्या मध्ये एक शब्द वाढवला, की तिथून परिच्छेदाच्या शेवटापर्यंतच्या ओळी उसवून पुन्हा बांधाव्या लागायच्या. ते काही बोलत नसत, पण त्यांची बोटं मला समोर दिसत. त्यामुळे शब्द वाढवण्याआधी मी थांबायची. तारेचंही तसंच होतं. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून "आई आजारी, लगेच निघ" एवढ्यात घरं हलत असत. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. आता शब्द वाढवायला लिहिणाऱ्याला काही मोजावं लागत नाही. ते कष्ट वाचणाऱ्याकडे गेले आहेत, आणि वाचणारा आपल्याला दिसत नाही. तुमच्या फलकापुढं थांबलेला माणूस तुम्हाला दिसला असता, तर तुम्हीही पंधरा शब्दच लिहिले असते, याची मला खात्री आहे. पत्रात तुम्ही माझ्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून एक ओळ सोडून लिहिलंय. असा माणूस बेफिकीर नसतो.

तुमच्या लिहिण्यातलं "कळविण्यात येते", "ठेवण्यात येणार आहे" हे कचेरीतून आलं आहे. टिपणी, मसुदा, वरिष्ठांचा शेरा, पुन्हा मसुदा, यात तुमची उमर गेली. तिथं त्या भाषेचं एक काम होतं. निर्णय माणसाचा नव्हता, खुर्चीचा होता, आणि खुर्चीवरचा माणूस बदलला तरी कागद टिकायला हवा होता. म्हणून "मी ठरवलं"च्या जागी "निर्णय घेण्यात आला" आलं. यातून कर्ता नाहीसा होतो, आणि कर्ता गेला की वाक्याला आधारासाठी आणखी चार शब्द लागतात. सोसायटीत तुम्ही खुर्ची नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तुमचं नाव माहीत आहे, तुमच्या चपलांचा आवाजही माहीत असेल. त्यांना "कळविण्यात येते" म्हटलं की त्या गोंधळतात. "मी सांगतोय" म्हटलं की ऐकतात.

पण दोष एकट्या कचेरीचा नाही. जास्तीचे शब्द आपण का घालतो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि दर वेळी मुळाशी मला अविश्वास सापडला. आधी तो भाषेवरचा असतो. मराठीला प्रत्यय आहेत, आणि ते फार कामाचे आहेत. "पुण्यात" म्हटलं की तो एक "त" सगळं सांगतो. तरी आपण "पुण्यामध्ये" म्हणतो, मग "पुणे शहरामध्ये", मग "पुणे शहराच्या ठिकाणी". टीव्हीवरचा वार्ताहर पुलावर उभा राहून "आपण पाहू शकता, या ठिकाणी त्या ठिकाणचं पाणी" म्हणतो, तेव्हा माझा जीव कासावीस होतो. पाणी मागे दिसतंच आहे! स्वयंपाकघरात "सुरीने चीर" म्हणणारी बाई सभेत उभी राहिली की "शिबिराच्या माध्यमातून" म्हणायला लागते. "ने" तिथंही चाललं असतं. "अन्याय केला" म्हणण्याऐवजी "अन्याय करण्याचं काम केलं" म्हणणारे पुढारी आपण रोज ऐकतो, आणि आठवड्याभरात आपणही तसंच बोलू लागतो. तुमच्या पत्रात "चर्चा करण्यात येऊन" चार वेळा आलंय. चारही ठिकाणी "बोलून" पुरलं असतं.

मात्र एक सावधगिरी. हे वाचून तुम्ही लोकांच्या चुका काढत फिरू नका. एटीएम मशीन, पिन नंबर, पिवळा पीतांबर यांत एकेक शब्द जास्त आहे हे खरं, पण त्यानं कुणाचं काही अडत नाही. एटीएममधला शेवटचा "एम" म्हणजेच मशीन, हे रांगेतल्या माणसाला ऐकवून त्याचा वेळ मात्र जातो. आणि काही जोड्या तर आपल्या भाषेचं वैभव आहेत. "कागदपत्र" घ्या. कागद फारसीकडून आला, पत्र संस्कृतातून. "धनदौलत"मध्ये धन संस्कृत, दौलत अरबी. "बाजारहाट"चंही तसंच. दोन भाषा बोलणारी माणसं एकाच पेठेत राहत होती, तेव्हा एका शब्दानं दुसऱ्याचा हात धरला आणि दोघं मिळून तिसराच, अधिक ऐसपैस अर्थ द्यायला लागले. नुसती भाजी म्हणजे भाजीपाला नव्हे. असे शब्द कापायला निघालात, तर मी तुमच्याशी भांडेन.

शब्दावरच्या अविश्वासापेक्षा ऐकणाऱ्यावरचा अविश्वास जास्त महाग पडतो. दूधवाल्याचं उदाहरण तुमच्या पत्नीनं अगदी नेमकं दिलं आहे. तुम्ही त्याला काय सांगता, ते तुम्हीच लिहिलंय: मेहुणे येणार आहेत, ते आधी परवा येणार होते, पण गाडीचं तिकीट मिळालं नाही, त्यांना दोन्ही वेळचा चहा लागतो, आणि मग अर्धा लिटर. या क्रमाकडे नीट पाहा. कारणं आधी, मागणं शेवटी. असा क्रम तो माणूस लावतो ज्याला "नाही" ऐकायची भीती वाटते. नकार यायच्या आधीच तो त्याची सगळी दारं बंद करत जातो. पण दूधवाला नाही म्हणणारच नव्हता. सकाळी सहाला, पुढची घरं व्हायची असताना, तो फक्त आकड्याची वाट पाहत होता. "उद्या अर्धा लिटर जास्त द्या. पाहुणे आहेत." हे म्हणून बघा. मागणं आधी, कारण नंतर. त्याला मेहुण्यांबद्दल ऐकायचं असेल तर तो विचारेल, आणि मग सांगण्यात मजाही येईल.

हे तुम्हाला उर्मटपणाचं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या पत्रातली ही मला सर्वांत विचार करायला लावणारी ओळ. पुण्यात राहून ही भीती वाटणं साहजिक आहे, कारण इथल्या दारावरच्या पाट्यांनी थोडक्यात बोलण्याचं नाव तुसडेपणाशी जोडून ठेवलं आहे. पण त्या पाट्या नीट वाचा. "फाटकासमोर गाडी लावू नये" हे पुरेसं आणि सभ्यही आहे. बोचतं ते त्याच्यापुढचं, हवा सोडण्याची धमकी आणि अकलेचा उद्धार. म्हणजे पाटी तुसडी होते ती जास्तीच्या शब्दांनी. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात चांगल्या बोलण्याची लक्षणं एकाच ओवीत ओवली आहेत: साच, मवाळ, मितुले, रसाळ. मितुले म्हणजे मोजके. ते मवाळच्या शेजारी बसलंय, रसाळच्या शेजारी बसलंय. मोजकं बोलणं आणि मऊ बोलणं यांत त्यांना विरोध दिसला नाही. तुम्हीही तो धरू नका. मवाळपणा आवाजात ठेवा, डोळ्यांत ठेवा, वाटलं तर एक "कृपया" ठेवा.

लिहिण्यासाठी एक उपाय सांगते. पहिल्या फटक्यात छोटं लिहायचा प्रयत्न करू नका, तुमचा हात अडेल. लांब लिहा, हवं तेवढं लिहा, आणि मग आटवा. चर्चा लांबली की आपण "गुऱ्हाळ" म्हणून नाक मुरडतो, पण मला हा त्या जागेवर अन्याय वाटतो. दौंडकडे हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन बघा. काहिलीतला रस तास न् तास उकळतो, गुळव्या वर आलेली मळी काढत राहतो, आणि शेवटी रसाचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा गूळ हाती लागतो. लवकर उतरवलं तर काकवी राहते, जास्त तापवलं तर करपतं. तुमच्या फलकावर नुसतं "पाणी नाही" लिहिणं हे करपणं झालं. कधी नाही, किती वेळ नाही, भरायचं कधी, हे त्यात जळून गेलं.

आटवताना एकच प्रश्न विचारा: हे वाचून त्या माणसाला काय करायचं आहे? जे करायचं आहे ते पहिल्या वाक्यात आणा. आणि मर्यादा हवी असेल तर एक तयार आहे. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनी माहिती अधिकाराच्या अर्जाला १५० शब्द आणि एकच विषय, अशी अट घातली. सामान्य माणसाच्या गुंतागुंतीच्या तक्रारीला ही अट जाचक आहे असं माझं मत आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानं कमी बोलावं, ज्याच्याकडे नाही त्याला विचारायला मोकळीक हवी. पण सोसायटीच्या सूचनेत माहिती तुमच्याकडे असते. म्हणून ती अट तुम्ही स्वतःवर घाला. एका कागदावर एक विषय. पाणी आणि लिफ्टची वर्गणी एकाच सूचनेत आली, की दोन्ही बुडतात.

वयाचं विचारलंत. माणसं वयानं पाल्हाळ लावतात असा सरसकट नियम मी मानत नाही, आणि तुमची सवय तर नोकरीतलीच दिसते. एवढं मात्र घरच्यांना विचारा: रोजच्या वस्तूचं नाव न आठवून वळसे घेत बोलणं, किंवा सकाळी सांगितलेलं विसरून दुपारी तेच नव्यानं सांगणं, असं अलीकडे वाढलंय का? वाढलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. नसेल तर वयाचा विषय सोडून द्या.

आता मुलगी. इथं मी वरचं सगळं बाजूला ठेवते, कारण इथं तुमचं दुखणं वेगळं आहे.

दूधवाल्याशी तुम्ही लांब बोलता ते नकाराच्या भीतीनं. मुलीशी लांब बोलता ते फोन संपेल या भीतीनं. रविवारचा फोन कसा होतो तेही तुम्ही लिहिलंय: आधी हवा, मग गॅसचा सिलिंडर कधी लावला, लिफ्ट, कुणाचं ऑपरेशन झालं, आणि मग तिची चौकशी. पूर्वी खेळ रात्रभर चालायचे, दिवट्या तेलावर जळायच्या. सुरुवातीचं नमनच इतकं लांबलं की घडाभर तेल त्यातच संपायचं आणि खेळाला उजेड उरायचा नाही. "नमनाला घडाभर तेल" ही म्हण तिथूनच आली, असं सांगतात. तुमच्याकडे तेच होतंय. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिचा सोमवार जवळ आलेला असतो, ओट्यावर भांडी असतात.

पण त्या आवाजाचा अर्थ तुम्ही एकच लावलात. मला दुसराही दिसतो. तिनं फोन ठेवला नाही. "नंतर करते" म्हणाली नाही. स्पीकरवर टाकून तुम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती कर्वेनगरच्या घरात असती तर त्या वेळी तुम्ही तिच्या मागे स्टुलावर बसून हेच बोलला असता, आणि तिनं भांडी लावताच लावता "हं, मग?" म्हटलं असतं. तेव्हा तुम्हाला अपमान वाटला नसता. तिला खरंच कंटाळा येत असेल, हेही शक्य आहे. कोणतं खरं ते मला इथून कळणार नाही आणि तुम्हालाही तर्कानं कळणार नाही. विचारावं लागेल.

माझी आई मला सासरी पोस्टकार्डं लिहायची. कार्ड भरलं की ते आडवं धरून समासात लिहायची, तोही भरला की पत्त्याच्या बाजूला उरलेल्या पट्टीत. समासात काय असायचं? कढीपत्त्याला पालवी फुटली. मांजर परत आलं. पाय दुखतोय पण फार नाही. माझ्या छापखान्याच्या नजरेनं बघितलं तर सगळं काढून टाकण्यासारखं. ती कार्डं मी अजून ठेवली आहेत, आणि उघडली की आधी समास वाचते. त्यामुळे मुलीशी कमी बोला, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. लिफ्टबद्दल सांगा, सिलिंडरबद्दलही सांगा. फक्त ते समासात जाऊ द्या. मधल्या जागेत जे लिहायचं, ते आधी.

येत्या रविवारी फोन लागला की पहिलं वाक्य हे म्हणा: "तुझ्याशी बोलावंसं वाटत होतं, म्हणून फोन केला." मग विचारा: "या आठवड्यात तुझं काय चाललंय?" आणि थांबा. हे थांबणं तुम्हाला सर्वांत जड जाईल. फोनवरची चार सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, आणि ती भरून काढायला तुमच्या तोंडाशी सिलिंडर येईल. येऊ देऊ नका. ती विचार करत असेल, किंवा कढई पुसत असेल. तिला बोलू द्या. ती काय म्हणाली त्यातला एक धागा धरून पुढं विचारा. भांड्यांचा आवाज आला तर येऊ द्या, आणि वाटलं तर म्हणा, "आवाज येतोय भांड्यांचा, आवरून घे, मी आहे." हे म्हणताना टोमणा नको, नुसतं म्हणा.

तिला तिसऱ्या पानावरची ती दोन वाक्यं कधी तरी सांगावी लागतील. पहिल्याच रविवारी नको. पण सांगाल तेव्हा मला लिहिलीत तशीच सांगा, आधी कारणं देऊ नका आणि नंतर सारवासारव करू नका.

काय झालं ते मला कळवा. पोस्टकार्डावर मावेल एवढं पुरे. समास भरलात तरी मी वाचेन.